जुनी एस-१० खाली घेण्याआधी बंपस्टॉपपाशी किती जागा आहे ते मोज

प्रश्न थोडक्यात असा आहे. ह्यूस्टनजवळ राहणाऱ्या एका मराठी मुलाने १९९३ ची शेवरले एस-१० पिकअप घेतली आहे. टू-व्हील ड्राइव्ह, छोटी केबिन, ४.३ लिटरचं व्ही-सिक्स इंजिन, १४ इंची चाकं. ती त्याला घराच्या ड्राइव्हवेवरच, एका वीकएंडमध्ये, पुढून तीन आणि मागून चार इंच खाली घ्यायची आहे. तो विचारतो, "काका, पुढच्या स्प्रिंगा ग्राइंडरने कापल्या तर चालतील का? मागे ब्लॉक टाकले की झालं ना? स्प्रिंग कॉम्प्रेसर भाड्याने आणू का? आणि साताऱ्याला भावाकडे पिकअप आहे, तिलाही असंच करता येईल का?"

काका म्हणालास, म्हणून हक्काने 'तू' म्हणतो.

मी मूळचा कोल्हापूरचा. उद्यमनगरात पाटेवाल्याच्या (गाड्यांच्या स्प्रिंगचे लोखंडी पाटे बसवणाऱ्याच्या) हाताखाली कामाला लागलो, तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांची मागणी तुझ्या बरोब्बर उलट असायची. ऊस, वाळू, विटा भरणारे लोक यायचे आणि म्हणायचे, एक पाटा वाढवा, गाडी बसतेय. गेली बावीस वर्षं टेक्सासमध्ये आहे, आणि इथे लोक उभी गाडी बसवून मागतात. पण दोन्हीकडे काम एकाच जागेचं आहे. चाक वर आलं की ते चासीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) किंवा बंपस्टॉपला (धक्का झेलणाऱ्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत किती जागा उरते, यावर सगळं अवलंबून. गाडी किती इंच खाली आली ते शेजाऱ्याला दिसतं. खाली आल्यावर चाकाला हलायला किती जागा उरली ते फक्त खड्ड्यात कळतं. म्हणून पार्ट मागवायच्या आधी गाडीखाली जा आणि ही जागा मोज.

मोजायचं कसं ते सांगतो. गाडी सपाट जागी उभी कर, टायरमध्ये हवा नीट भर, टाकी अर्धी असू दे. चाकाच्या मधोमध ते वरच्या फेंडरच्या कडेपर्यंत चारही चाकांना टेप लाव आणि आकडे लिहून ठेव. जमिनीपासून मोजू नकोस, कारण टायर किंवा हवा बदलली की तो आकडा बदलतो. जुन्या गाडीत डाव्या-उजव्या बाजूला अर्ध्या इंचाचा फरक सर्रास सापडतो, तो आधीच माहीत हवा. नाहीतर काम झाल्यावर तुला वाटेल तू काहीतरी चुकलास. मग मागच्या ॲक्सलच्या नळीपासून तिच्या वरच्या रबरी बंपस्टॉपपर्यंत मोज. तसंच पुढे, खालच्या आर्मच्या (चाकाला चासीशी जोडणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या भुजेच्या) बंपस्टॉपपाशी. हे दोन आकडे म्हणजे तुझं भांडवल, आणि खाली घेताना तू यातूनच खर्च करणार आहेस.

आता मागची बाजू, कारण ती सोपी आहे आणि सुरुवात तिथूनच करावी.

टू-व्हील ड्राइव्ह एस-१० ला मागे पाटे आहेत, आणि ॲक्सल पाट्यांच्या वर बसतो. हे एकदा डोळ्यांनी बघून घे, कारण सगळ्या पिकअपना असं नसतं. १९७३ ते १९८७ च्या मोठ्या शेवरले सी-१० ला ॲक्सल पाट्यांच्या खाली असतो, तिथे ब्लॉक टाकलास तर गाडी उलट वर जाईल. तिथे ॲक्सल पाट्याच्या वर घ्यावा लागतो, त्याला फ्लिप किट म्हणतात. तुझ्या गाडीत मात्र पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ब्लॉक सरकवला की ॲक्सल तेवढा वर जातो, म्हणजे गाडी तेवढी खाली येते. तीन इंची ब्लॉक म्हणजे तीन इंच, सरळ हिशोब.

पण बंपस्टॉपपाशी मोजलेल्या जागेतून तेच तीन इंच वजा होतात. रिकाम्या गाडीला दोन इंचांपेक्षा कमी उरत असतील तर लहान ब्लॉक घे. बंपस्टॉपचं रबर कापून निम्मं करता येतं, ते मी करतो, पण पूर्ण काढून टाकत नाही. रबर नसेल तर लोखंडावर लोखंड आदळतं. माझ्या स्वतःच्या गाडीला मी पहिल्यांदा तीन इंची ब्लॉक टाकले तेव्हा रबरं काढून फेकली होती. आठवडाभर गाडी मस्त चालली. मग एका शनिवारी सिमेंटच्या पाच गोण्या आणल्या, घराच्या वळणावरच्या स्पीडब्रेकरवर मागून दण्णकन आवाज आला आणि कण्यात झिणझिण्या आल्या. खाली जाऊन बघितलं तर चासीच्या खालच्या कडेला अर्धचंद्रासारखी एक चकचकीत खूण होती, बरोबर ॲक्सलच्या नळीच्या गोलाईएवढी. आजूबाजूला तीस वर्षांचा गंज आणि चिखल, आणि मधोमध ती पांढरी खूण. त्या दिवसापासून रबराशिवाय एकही गाडी मी बाहेर सोडलेली नाही.

म्हणून तुझ्या चार इंचांना माझा नकार आहे. चार इंच हवेच असतील तर चासीत सी-नॉच करावा लागतो, म्हणजे ॲक्सलच्या वर चासीला अर्धगोल खाच कापून बाहेरून जाड पट्टी बोल्टने किंवा वेल्डिंगने बसवायची. चासीच्या कडेने ब्रेकचे आणि पेट्रोलचे पाइप जातात, ते सोडवून बाजूला घ्यावे लागतात, बॅटरी काढावी लागते, आणि कापताना चासीचा आधार कुठे आहे याचा नीट विचार लागतो. हे काम मी स्वतः आवडीने करतो. पण ज्याने अजून एकही यू-बोल्ट (पाटा आणि ॲक्सल बांधून ठेवणारा यू आकाराचा बोल्ट) सोडवलेला नाही त्याने पहिल्याच वीकएंडला चासी कापू नये असं मला मनापासून वाटतं. तीन इंचांवर थांब. मागचा भाग पुढच्यापेक्षा किंचित उंच राहील. सामान भरल्यावर तोच उपयोगी पडतो.

काम असं करायचं. आदल्या रात्री यू-बोल्टच्या नटांना आणि शॉकअपच्या खालच्या बोल्टला गंज सोडवणारं तेल मार. सकाळी पुन्हा मार. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लाव. मागून गाडी उचल आणि जॅक स्टँड चासीखाली, पाट्याच्या पुढच्या खुंटीच्या जरा पुढे लाव. ह्यूस्टनचं ऊन तुला माहीत आहे. तुझा ड्राइव्हवे डांबरी असेल तर दुपारी स्टँडचे पाय त्यात रुततात, त्यामुळे खाली जाड प्लायवुडचे तुकडे घाल. काँक्रीटचा असला तरी बहुतेक ड्राइव्हवे रस्त्याकडे उतरते असतात. उतार डोळ्यांना जाणवत असेल तर तिथे हे काम करू नकोस, गॅरेजच्या आत घे. बांधकामाचे पोकळ ब्लॉक गाडीखाली कधीही ठेवू नकोस, ते आधी तडकल्याचं न दाखवता एकदम फुटतात. स्टँड लावल्यावर गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलव. हलायची असेल तर ती आत्ता हलू दे, तू खाली असताना नको.

एका वेळी एकच बाजू सोडव. दुसऱ्या बाजूचे यू-बोल्ट आवळलेले असले की ॲक्सल जागचा हलत नाही आणि भोकं जुळवायची झटापट वाचते. ॲक्सलखाली जॅक लावून ठेव, शॉकअपचा खालचा बोल्ट काढ, यू-बोल्ट काढ, मग जॅकने ॲक्सल हळूहळू वर घे. पाट्याच्या मधल्या बोल्टचं डोकं ब्लॉकच्या खालच्या भोकात बसतं आणि ब्लॉकवरची खुंटी ॲक्सलच्या गादीच्या भोकात जाते. ती बसली की नाही हे बोट फिरवून बघ. खुंटी भोकाच्या काठावर टेकलेली असतानाही नट आवळले जातात, वरून सगळं ठीक दिसतं आणि दोन दिवसांनी ॲक्सल तिरका सरकतो. ॲक्सल वर घेताना एक नजर ब्रेकच्या रबरी नळीवर, हँडब्रेकच्या केबलवर आणि ॲक्सलवरून जाणाऱ्या सायलेन्सरच्या पाइपवर ठेव. तीन इंचांना हा पाइप ॲक्सलला लागायची शक्यता असते. लागत असेल तर हँगर बदलून वर घ्यावा लागतो.

यू-बोल्ट नवेच घे. जुने एकदा ताणलेले असतात, आणि ब्लॉकमुळे तसेही लांब लागतात. चारही नट आडवे-तिडवे, थोडे थोडे करत टॉर्क रेंचने आवळ, आकडा तुझ्या किटच्या कागदावर असतो. १६० किलोमीटर चालवून झाल्यावर पुन्हा रेंच लाव. ब्लॉक, पाटा आणि गादी एकमेकांत बसतात तेव्हा ते थोडे सैल होतात, हे दरवेळी होतं.

ब्लॉकवर ब्लॉक रचायचा नाही. एका गिऱ्हाइकाची गाडी माझ्याकडे टोइंगवर आली होती. तिच्यात एकावर एक दोन ब्लॉक होते, वरचा दीड इंची आणि खालचा दोन इंची. सिग्नलला जोरात ब्रेक मारल्यावर वरचा निसटला, ॲक्सल एका बाजूने मागे गेला आणि गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत जाणारा शाफ्ट गिअरबॉक्समधून जवळजवळ बाहेर आला. वेग चाळीसच्या आतच होता म्हणून माणूस वाचला. जेवढी उंची हवी तेवढ्या उंचीचा एकच, अखंड ब्लॉक घे.

शाफ्टच्या कोनाबद्दल बरंच काही सांगितलं जातं, त्यातलं कामाचं एवढंच. सपाट ब्लॉकने पिनियनचा (ॲक्सलमधल्या, शाफ्टला जोडलेल्या गिअरचा) स्वतःचा कोन बदलत नाही, बदलतो तो शाफ्टचा उतार, आणि गाडीचं नाक पुढे-मागे झुकल्यामुळे गिअरबॉक्सचा. गिअरबॉक्सच्या शेवटाचा आणि पिनियनचा कोन साधारण समांतर हवा. पाट्याच्या गाडीत पिनियनचं नाक एक-दोन अंश खाली चालतं, कारण ॲक्सिलरेटर दाबला की पाटा पीळ खातो आणि नाक वर येतं. कोनमापक हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. काम करण्याआधी मोजून ठेव आणि नंतर परत मोज. ठरावीक वेगाला बुडाखाली गुणगुण जाणवू लागली तर हाच संशय आधी घे. पाचरीच्या आकाराची पट्टी घालून कोन सुधारता येतो.

शॉकअप आखूड घे. जुना लांब शॉकअप खाली घेतलेल्या गाडीत आधीच बराच दबलेला असतो, खड्ड्यात तो आतून टेकतो आणि सील फुटतात.

आता पुढची बाजू. इथे तीन रस्ते आहेत आणि तू विचारलास तो सगळ्यात वाईट आहे. वाईट म्हणण्याचं कारण सांगतो.

स्प्रिंगचा ताठरपणा तिच्या कामाच्या वेढ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात असतो. समज आठ वेढे काम करताहेत आणि तू एक कापलास. उरले सात. स्प्रिंग सुमारे १४ टक्के ताठर झाली. म्हणजे कापलेली स्प्रिंग मऊ होत नाही, कडक होते, आणि तरीही गाडी बंपस्टॉपच्या जवळ गेलेली असते. दुसरं असं की तुझ्या गाडीत स्प्रिंग आर्मच्या टोकाला बसत नाही, ती आतल्या बाजूला असते. त्यामुळे स्प्रिंगपाशी एक इंच कमी केलास तर चाकापाशी जवळपास दुप्पट खाली येतं. 'एक वेढाच तर कापतोय' असं म्हणत लोक गाडी बंपस्टॉपवर बसवून मोकळे होतात ते यामुळे. कापायचीच झाली तर ग्राइंडरच्या पातळ चकतीने, खालच्या मोकळ्या टोकाकडून, अर्ध्या वेढ्यापेक्षा जास्त नाही, आणि दोन्ही बाजूंना समान. गॅसने कापू नकोस. गॅसने तापवून स्प्रिंग 'बसवणारे' लोकही आहेत. स्प्रिंगचं पोलाद एकदा लालबुंद झालं की त्याचं पाणी उतरतं. ती पुढे रोज थोडी थोडी बसत जाते, दोन्ही बाजूंना वेगळी बसते, किंवा तापवलेल्या जागी मोडते.

दुसरा रस्ता म्हणजे खाली घेण्यासाठीच बनवलेल्या आखूड स्प्रिंगा. त्यांचा ताठरपणा हिशोब करून ठरवलेला असतो, म्हणून त्या बऱ्या. पण त्याही बंपस्टॉपच्या जागेतूनच खातात.

तिसरा ड्रॉप स्पिंडल. यात ज्या खुंटावर चाक फिरतं तो खुंट नकलवर (चाक धरणाऱ्या जाड लोखंडी भागावर) दोन इंच वर सरकवलेला असतो. चाक दोन इंच वर गेलं, गाडी दोन इंच खाली आली, पण आर्म होते तिथेच राहिले, स्प्रिंग तीच, बंपस्टॉपपाशी जागाही तेवढीच. मला हा प्रकार फार आवडतो. कारण गाडी खाली येते आणि तिची चाल मूळची राहते. तुला पुढे तीन इंच हवे आहेत ना? दोन इंची स्पिंडल आणि एक इंची आखूड स्प्रिंग, असं घे. फक्त तुझी १४ इंची चाकं याला बहुधा पुरणार नाहीत, रिमच्या आत स्टिअरिंगच्या टाय रॉडचं टोक लागतं. १५ इंची चाकं जुन्या गाड्यांच्या यार्डात स्वस्तात मिळतात, पाच बोल्टची आणि पावणेपाच इंची वर्तुळाची बघ. स्पिंडल घेताना गाडीचं साल स्पष्ट सांग, नंतरच्या वर्षांत ब्रेक बदलले.

स्प्रिंग कॉम्प्रेसर भाड्याने आणू नकोस. भाड्याचा कॉम्प्रेसर बऱ्याचदा स्ट्रटवाल्या (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या) कारसाठीचा असतो, बाहेरून धरणारा. तुझ्या गाडीत स्प्रिंग खालचा आर्म आणि चासी यांच्यामधल्या खोबणीत बसते, तिथे त्याच्या आकड्यांना धड पकड मिळत नाही. इथे जॅक हाच कॉम्प्रेसर. आणि साखळी.

साखळीचं आधी सांगतो. जाड साखळी स्प्रिंगच्या मधल्या वेढ्यांतून घाल, चासीभोवती फिरव आणि बोल्टने बंद कर. इतकी सैल ठेव की स्प्रिंग उलगडू शकेल, पण बाहेर उडू शकणार नाही. एका संध्याकाळी घाईत, चौथी-पाचवी गाडी असल्यासारख्या सराईतपणे, मी साखळी लावली नाही. जॅक जरा तिरका बसला होता. आर्म खाली आला, स्प्रिंग माझ्या डाव्या कानाजवळून गेली आणि गॅरेजच्या पत्र्याच्या दाराला आतून बाहेर फुगवटा पाडून खाली पडली. दार मी अजून बदललेलं नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलाला तो फुगवटा हाताने चाचपायला लावतो.

आता क्रम. गाडी चासीखाली स्टँडवर, चाक काढलेलं. कॅलिपर सोडव आणि तारेने वर टांग, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नकोस. रोटर, बेअरिंगा काढून स्वच्छ कापडावर ठेव. स्टॅबिलायझर बारची लिंक सोडव. शॉकअप स्प्रिंगच्या पोटातून जातो, तो खालून काढ. टाय रॉडचं टोक सोडव. जॅक खालच्या आर्मखाली, खालच्या बॉल जॉइंटच्या (आर्म आणि नकल जोडणाऱ्या गोल सांध्याच्या) जमेल तितका जवळ लाव आणि आर्मचं वजन जॅकवर येईल इतका उचल.

मग त्या बॉल जॉइंटची पिन काढ आणि नट चार-पाच आटे सैल कर. पूर्ण काढू नकोस. आता जड हातोड्याने नकलच्या त्या जाड कानावर, जिथे बॉल जॉइंटचा निमुळता दांडा घुसलेला आहे, बाजूने दणका मार. दांड्यावर किंवा नटावर नाही, कानावर. दोन-तीन सरळ, खणखणीत घाव. निमुळती पकड सुटते तेव्हा 'टक्' असा कोरडा आवाज येतो, आणि सैल ठेवलेला नट सगळं धरून ठेवतो. फाट्यासारखं हत्यार घालूनही सुटतं, पण त्याने रबरी टोपी फाटते, आणि टोपी फाटलेला बॉल जॉइंट वर्षभरात खुळखुळा होतो. आवाज आला की जॅक किंचित वर घे, नट काढ, आणि जॅक अगदी सावकाश खाली सोड. तुझं डोकं आणि छाती स्प्रिंगच्या समोर नको, बाजूला. स्प्रिंग सैल झाली की हातात घेता येते.

नवी स्प्रिंग बसवताना खालच्या आर्मच्या खोबणीत बघ. तिथे पाणी जायला दोन भोकं आहेत. स्प्रिंगचं खालचं टोक एका भोकावर यायला हवं, आणि दुसरं भोक पूर्ण किंवा थोडं तरी उघडं राहायला हवं. या दोन भोकांवरून स्प्रिंग नीट बसलीय की फिरलीय ते कळतं. फिरलेली स्प्रिंग त्या बाजूची उंची बिघडवते, आणि पंधरा दिवसांनी 'कट्' असा आवाज करत जागेवर बसते. मग अलाइनमेंट पुन्हा करावी लागते.

नवं स्पिंडल लावल्यावर बॉल जॉइंटचे नट टॉर्कला आवळ. पिनचं भोक जुळत नसेल तर नट मागे सैल करायचा नाही, पुढे आवळून पुढची खाच जुळवायची. व्हील बेअरिंगच्या बाबतीत बरोबर उलटं. बेअरिंगमध्ये तळहातावर ग्रीस घेऊन दाबून भर, रोटर फिरवत फिरवत नट साधारण १६ न्यूटन-मीटरला आवळ म्हणजे सगळं जागेवर बसेल, मग पूर्ण सैल कर, बोटांनी आवळ, आणि पिनचं भोक जुळेपर्यंतच मागे घे. हाताने हलवलं तर जेमतेम जाणवेल इतकाच खेळ हवा. घट्ट बेअरिंग गरम होऊन जळतं.

आर्मच्या आतल्या बाजूचे रबरी बुश सैल केले असतील, तरच ही गोष्ट. ते बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे. लटकत्या आर्मवर आवळलेस तर गाडी खाली उतरताच रबर पीळ खाऊन बसतं आणि लवकर फाटतं. फक्त बॉल जॉइंट सोडवून काम केलंस तर त्या बोल्टांना हातही लावायची गरज नाही.

इतकं झालं की टो (पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) साधारण सरळ कर. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी ताणून हे जमतं. मग हळू चालवत अलाइनमेंटच्या दुकानात जा. तुझ्या सालच्या गाडीत कॅम्बर आणि कास्टर (चाकाच्या आणि स्टिअरिंगच्या कण्याच्या कलाचे कोन) वरच्या आर्मच्या शाफ्टमागच्या पातळ पट्ट्या काढून-घालून साधतात. पट्ट्या किती होत्या त्याचा फोटो काम सुरू करतानाच काढून ठेव. दुकानदाराला सांग की गाडी खाली घेतलीय आणि पट्ट्यांचं काम करायला लागेल. नुसता टो करून देणाऱ्याकडे जाऊ नकोस. नाहीतर दोन महिन्यांत नव्या टायरची आतली कड गुळगुळीत झालेली दिसेल. हेडलाइटही परत जुळवून घे.

आता कायदा. कॅलिफोर्नियात अनेक दशकं असा नियम होता की गाडीचा, चाकं सोडून, कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली जाता कामा नये. २०२४ पासून तो नियम उठला. तू टेक्सासमध्ये आहेस, तरीही ते माप तू पाळावंस असं माझं ठाम मत आहे. कारण साधं आहे. टायर फुटला की गाडी रिमवर येते. त्या वेळी आर्म, टाय रॉड किंवा पाट्याची प्लेट रिमच्या खाली असेल तर ती रस्त्याला घासते, आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. दोन रिमच्या खालच्या कडांना टेकवून एक सरळ पट्टी धर आणि काही लागतंय का बघ. दुसरं म्हणजे टेक्सासमध्ये १ जानेवारी २०२५ पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी बंद झाली. तुझ्या गाडीखाली वर्षातून एकदा दुसरं कुणी बघत होतं, आता ते बघणार नाही. जे काही बघायचं ते तुलाच.

म्हणून शेवटची चाचणी स्वयंपाकघरातून आण. घट्ट कणकेचे चार गोळे कर, लिंबाएवढे, वरून जरा पीठ लाव. चारही बंपस्टॉपवर एकेक चिकटव. मागे नेहमी भरतोस तेवढं सामान ठेव, आणि रोजच्या रस्त्यावरून, रोजच्या स्पीडब्रेकरवरून, रोजच्या वेगाने एक फेरी मारून ये. गोळे काढून जाडी बघ. बोटाएवढी कणीक उरली असेल तर गाडी नीट बसली आहे. मागची पापडासारखी चपटी झाली असेल तर दोन्ही बाजूंचे ब्लॉक एक इंचाने लहान कर, किंवा सामान कमी भर. एका गिऱ्हाइकाला मी ती चपटी कणीक हातात दिली, तेव्हा त्याने वाद न घालता दोन इंची ब्लॉक मागवले.

वेळेचं म्हणशील तर एका वीकएंडमध्ये पुढे-मागे दोन्ही उरकायचा हट्ट धरू नकोस. पहिल्या शनिवारी मागचं कर, आठवडाभर चालव, यू-बोल्ट पुन्हा आवळ. त्या आठवड्यात हेडलाइट वर बघतील, म्हणून रात्री जपून. पुढचं काम दुसऱ्या शनिवारी, सकाळी लवकर, आणि सोबत एक माणूस हवाच. त्याला काही येत नसलं तरी चालेल. जॅकवर हात ठेवायला आणि वेळ आली तर फोन करायला तो लागतो.

साताऱ्याच्या भावाला मात्र नाही म्हणून सांग. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केलं. कायदा बाजूला ठेवला तरी ती गाडी माल वाहते. तिच्या पाट्यांचा बाक भरल्या वजनासाठी आहे. रिकामी असताना जी जागा जास्त दिसते ती कांदा भरल्यावर संपते. पाटे गंजले असतील, बुश गेले असतील किंवा मधला पाटा तुटला असेल तर ते बदलायला सांग. त्या गाडीला गरज त्याचीच आहे.